‘कधी बंद पडते?’

पुण्याकडून सोलापूरला येताना शहराच्या अलीकडे पाकणी लागते. इथे पेट्रोलियम कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईहून निघालेली तेलवाहिनी पुण्याजवळच्या लोणीला टेकून जमिनीखालूनच इथवर येते. मुंबई-पुणे-सोलापूर अशा या वाहिनीची लांबी ५०८ किलोमीटर. रिफायनरीतून निघालेलं डिझेल कोकण, घाट आणि भीमेचं खोरं पार करून पाकणीत पोचतं. तिथून ते टँकरने पंपावर जातं आणि पंपावरून कांद्याच्या गोण्या लादून मार्केट यार्डाकडे निघालेल्या एखाद्या पिकअपच्या टाकीत. एवढ्या लांबच्या प्रवासात ते सहसा कुठे अडत नाही. अडतं ते त्यापुढच्या चार-पाच मीटरमध्ये, टाकीच्या तळापासून इंजिनाच्या डोक्यापर्यंत.

ते चार-पाच मीटर आहेतच तसे. वाटेच्या सुरुवातीला डिझेलवरचा दाब आपल्या भोवतालच्या हवेपेक्षाही कमी असतो. शेवटाला तो समुद्राच्या सर्वांत खोल तळावरच्या दाबाला मागे टाकतो. मधल्या कुठल्याही वळणावर गडबड झाली तरी ड्रायव्हरची तक्रार एकच असते : ‘गाडी ओढत नाही’ किंवा ‘सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली, पण गाडी चालू होत नाही.’ लक्षण एक आणि कारणं डझनभर. तरीही जाणता मिस्त्री बॉनेट उघडण्याआधीच निम्मं काम उरकतो. ‘काय झालं?’ यापेक्षा त्याला ‘कधी होतं?’ हे जास्त हवं असतं.

थेंबाचा तिसरा हिस्सा

आधी एक साधा हिशेब करू. पिकअप ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि लिटरला १४ किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज देते आहे, असं धरा. म्हणजे तासाला सव्वाचार लिटर, मिनिटाला ७० मिलिलिटरच्या आसपास डिझेल लागलं. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतं आहे. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन मिळतं. तेव्हा चार सिलिंडर मिळून मिनिटाला ४,००० फवारे उडतात आणि एका फवाऱ्याच्या वाट्याला साधारण १८ घन मिलिमीटर डिझेल येतं. ड्रॉपरमधून पडणारा थेंब ५० घन मिलिमीटरच्या आसपास असतो. दीड टन माल ओढणाऱ्या इंजिनाचा एक घास म्हणजे थेंबाचा जेमतेम तिसरा हिस्सा!

हा घासही सरळ तोंडात पडत नाही. नोझलच्या टोकाला मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढ्या रुंदीची पाच-सात भोकं असतात. त्यांतून तो मिलिसेकंदाच्या आसपासच्या वेळात धुक्यासारखा फवारावा लागतो. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नाही. हवा सतरा-अठरा पटींनी दाबली की तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि त्या हवेत शिरलेलं डिझेल आपोआप पेटतं. थेंब जाड राहिला तर त्याचा गाभा जळत नाही, काजळी होते. फवारा वेळेवर आला नाही तर ताकद वाया जाते.

आणखी एक गोष्ट. पेट्रोलच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते. डिझेल इंजिनात हवा मोकळीच आत येते. ड्रायव्हरचा पाय ठरवतो ते फक्त डिझेलचं माप. त्यामुळे मापात थोडी खोट आली तरी ती थेट ताकदीत दिसते. तुळजापूरच्या घाटात ज्या क्षणी जास्त डिझेल हवं, नेमकी त्याच क्षणी गाडी मान टाकते.

न गळणारी गळती

टाकीपासून पंपापर्यंतचा पहिला टप्पा साध्या नळ्यांचा असल्यामुळे त्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. अनेक पिकअपमध्ये इंजिनाजवळचा फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो. ‘ओढतो’ म्हणायचं एवढंच. पंप आपल्या बाजूचा दाब कमी करतो आणि टाकीतल्या डिझेलवर बसलेली बाहेरची हवा ते पुढे ढकलते. म्हणून टाकीच्या झाकणातलं हवा आत घेणारं बारीक छिद्र महत्त्वाचं. धुळीने ते बुजलं की टाकीतलं डिझेल कमी होत जातं, पण त्याची जागा घ्यायला हवा येत नाही. वीस-पंचवीस किलोमीटर ठीक चाललेली गाडी मग गुदमरून बंद पडते. झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज होतो आणि थोड्या वेळाने गाडी जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. चार पैशांचा दोष, पण तो ओळखता आला नाही तर पंप उतरवायची पाळी येते.

याच टप्प्यात एक चमत्कारिक गळती असते. नळीला चीर गेली, क्लिप सैल झाली किंवा तांब्याचा वॉशर दबला, तर डिझेल बाहेर पडेल असं आपल्याला वाटतं. पण आतला दाबच बाहेरच्यापेक्षा कमी! त्यामुळे डिझेल बाहेर न येता हवा आत शिरते. जमिनीवर डाग नाही, नळीवर ओल नाही, तरी गळती आहे. मिस्त्रीच्या भाषेत ‘गाडी एअर घेते.’

हवेचा एवढा बाऊ का? तर द्रव सहजी दबत नाही आणि हवा दबते. जुन्या पंपात कॅमने उचललेला एक छोटा दांडा डिझेल पुढे रेटतो आणि दाब २०० बारच्या आसपास गेला की नोझलची सुई उचलली जाते. (कॅमशाफ्ट सोलापूरला नवा नाही. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इथेच तो ओतते आणि घडवते.) दांड्यासमोर डिझेलऐवजी बुडबुडा आला, की दांड्याची सगळी मेहनत बुडबुडा चेपण्यात जाते. सुई हलत नाही, फवारा उडत नाही. म्हणून डिझेल संपून बंद पडलेल्या गाडीत नुसतं डिझेल ओतून भागत नाही, तिची एअर काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं आणि फेस थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा.

इथे भल्याभल्यांना चकवणारी आणखी एक गंमत आहे. डिझेलमध्ये एरवीही हवा विरघळलेली असते. सामान्य दाबाला ती त्याच्या आकारमानाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी भरते. फिल्टर चोंदला की पंपाला जास्त जोराने ओढावं लागतं, दाब आणखी घटतो आणि ही विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटू लागते. पारदर्शक नळी लावून पाहिलं तर बुडबुडे दिसतात, पण चीर कुठेच सापडत नाही. तेव्हा नळी बदलण्याआधी फिल्टर बदलावा.

समुद्रतळाहून खोल

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे नीट चाललं. इंधन आत घालायला त्याने दाबलेली हवा वापरली होती आणि त्यासाठी वेगळा, अवजड कॉम्प्रेसर लागे. असलं धूड ट्रकवर चढवणं अवघड होतं. रॉबर्ट बॉशच्या कंपनीने १९२७ मध्ये डिझेल पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं, तेव्हा डिझेलला रस्त्यावरची वाट मोकळी झाली. या घराण्याचा एक धागा महाराष्ट्रातही आहे. नाशिकच्या सातपूरचा बॉशचा कारखाना, म्हणजे नाशिककरांचा ‘मायको’, नोझल आणि इंजेक्टर बनवतो. शहरातला एक चौक आजही मायको सर्कल म्हणूनच ओळखला जातो.

पुढची झेप कॉमन रेलची. जपानच्या डेन्सोने ती १९९५ मध्ये ट्रकवर आणली, तर १९९७ मध्ये बॉशच्या यंत्रणेसह ती अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत आली. प्रत्येक फवाऱ्यापुरता दाब निर्माण करण्याऐवजी एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल कायम प्रचंड दाबाखाली साठवायचं आणि संगणकाने हुकूम दिला की इंजेक्टर उघडायचा, अशी ती कल्पना. गाडी उभी आणि इंजिन चालू असताना या रेलमध्ये २५०-३०० बार दाब असतो आणि चढावर तो १,६०० बारच्या घरात जातो. एक बार म्हणजे दहा मीटर पाण्याचा भार. त्या हिशेबाने १,६०० बार म्हणजे सोळा किलोमीटर उंच पाण्याचा स्तंभ. पृथ्वीवरचा सर्वांत खोल समुद्र सुमारे अकरा किलोमीटरचा! शाळेत आपण द्रव दबत नाही असं शिकतो, पण इथे डिझेलसुद्धा काही टक्क्यांनी आकसतं. नोझलमधून सुटणाऱ्या धारेचा वेग सेकंदाला पाचशे-सहाशे मीटर, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेतल्या ध्वनीच्या वेगाहून दीडपट.

एवढा दाब अडवायला रबरी सील पुरत नाही. पंपाचा दांडा आणि त्याचं नळकांडं इतकं नेमकं घासलेलं असतं की मधली फट दोन-चार मायक्रॉन राहते. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉनचा असतो. या फटीतून झिरपणारं डिझेलच तिथलं वंगण. म्हणून डोळ्यांना न दिसणारी धूळही इथे कानशीसारखं काम करते आणि म्हणून फिल्टरला काही मायक्रॉनचे कण अडवावे लागतात.

या जास्त दाबाच्या बाजूला हात घालण्याआधी एक पथ्य पाळावंच. जुन्या गाडीवर मिस्त्री चालू इंजिनात एकेका नोझलचा नट सैल करून कुठला सिलिंडर मिसिंग करतो ते पाहत. कॉमन रेलच्या गाडीवर हे कधीही करू नये. तिथली बारीक धार कातडी भेदून डिझेल आत सोडते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची असू शकते.

‘कधी’मध्ये दडलेलं ‘कुठे’

आता मिस्त्रीच्या प्रश्नाकडे येऊ. ‘कधी बंद पडते?’

‘सकाळी चालू व्हायला त्रास, मग दिवसभर ठीक.’ रात्रभरात नळीतलं डिझेल टाकीकडे उतरत असावं आणि त्याच्या जागी एखाद्या चिरेतून हवा शिरत असावी. पण गार सिलिंडर तापवणाऱ्या ग्लो प्लगचा किंवा बॅटरीचा दोषही असाच दिसतो. मग सेल्फ मारण्याआधी हातपंप दहा-बारा वेळा दाबून पाहायचा. गाडी झटक्यात चालू झाली तर शंका इंधनाच्या वाटेवर. आणखी खात्री हवी तर रात्री गाडीचं तोंड उताराकडे करून लावायची. त्या सकाळी त्रास झाला नाही, म्हणजे डिझेल मागे उतरतं हे पक्कं.

‘टाकी निम्मी झाली की.’ टाकीत उभ्या असलेल्या ओढनळीला मध्यावर चीर असेल. ती डिझेलात बुडालेली असते तोवर कळत नाही, उघडी पडली की हवा ओढते.

‘सपाटीला पळते, घाटात मरते.’ फिल्टर किंवा टाकीतली जाळी चोंदलेली असणार. थोडं डिझेल जातं, जास्त मागितलं की पुरत नाही.

‘दुपारी थांबून चहा घेतला आणि परत चालूच होईना.’ ही मे महिन्यातली तक्रार. उन्हाने चाळिशी ओलांडलेली, पंप इंजिनाच्या तापाने भाजलेला. गरम डिझेल पातळ होतं. झिजलेल्या पंपात फट वाढलेली असते आणि पातळ डिझेल तिच्यातून मागे निसटतं. सेल्फच्या मंद फेऱ्यांत पुरेसा दाब जमत नाही. तासाभराने थंड झाल्यावर तीच गाडी चालू होते. रोटरी पंपाच्या जुन्या गाड्यांवर मिस्त्री बंद पंपावर ओलं फडकं टाकतात ते यासाठीच. फडक्याने पंप दुरुस्त होत नाही, पण गाडी चालू झाली तर पंप झिजल्याचा पुरावा मिळतो. मात्र तापलेल्या पंपावर एकदम गार पाणी ओतू नये. बाहेरचा भाग आधी आकसतो आणि आतला दांडा जाम होऊ शकतो.

दाब, उतार, पातळी, तापमान यांतलं काहीतरी बदललं की लक्षण येतं किंवा जातं. गाडीचा दिनक्रम म्हणजे तिच्यावर रोज आपसूक होणारे प्रयोग. त्यांची नोंद ड्रायव्हरच्या डोक्यात असते, ती फक्त विचारून घ्यावी लागते.

वाट निम्मी करत जाणं

दुसरा साक्षीदार धूर. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून काहीच येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर आला तर डिझेल पोचतं पण जळत नाही : पाणी, थंडी, कमी कॉम्प्रेशन किंवा चुकलेली वेळ. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त : एअर फिल्टर चोंदलेला किंवा नोझल ठिबकतं आहे. ताकद नाही आणि काळा धूरही नाही, तर इंजिन उपाशी आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आल्याने हा साक्षीदार मात्र बराचसा मुका झाला.

त्याची जागा स्कॅनरने घेतली. रेलमध्ये संगणकाने मागितलेला दाब आणि खरोखर मिळालेला दाब तो शेजारी शेजारी दाखवतो. सेल्फ मारताना साधारण २०० बारच्या आसपासचा दाब जमेपर्यंत संगणक बहुतेक गाड्यांत इंजेक्टर उघडतच नाही. पी-००८७ हा कोड आला की पुष्कळदा पंप बदलायचा सल्ला मिळतो. पण या कोडचा अर्थ एवढाच, की रेलचा दाब कमी आहे. पंप दमला असेल, त्याच्यापर्यंत डिझेल पोचत नसेल, एखादा इंजेक्टर ते मागे सोडत असेल किंवा दाब मोजणारा सेन्सरच खोटं बोलत असेल. स्कॅनर लक्षण नेमकं सांगतो, कारण माणसालाच शोधावं लागतं.

शोधायची रीत सांगोल्याच्या डाळिंब बागायतदाराला नव्याने शिकवायला नको. ठिबकला पाणी कमी आलं तर तो आधी फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब पाहतो, प्रत्येक ड्रिपर उपसत बसत नाही. इथेही तेच. स्वच्छ डिझेलचा कॅन घेऊन नळी थेट फिल्टरला जोडायची आणि टाकी पूर्ण वगळायची. गाडी नीट चालली तर दोष मागे : टाकी, जाळी, झाकण, नळी. नाही चालली तर दोष पुढे. एका जोडणीत निम्मी वाट निर्दोष ठरली. मग उरलेल्याची निम्मी. शेवटी चार इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल मागे नेणाऱ्या नळ्यांना, चार सारख्या बाटल्या लावून इंजिन काही मिनिटं चालवायचं. एखादी बाटली इतरांपेक्षा खूप जास्त भरली तर त्या इंजेक्टरमधून दाब निसटतो आहे. लाखमोलाच्या यंत्रणेची ही परीक्षा चार बाटल्यांत होते.

टाकीतला जीव

पाण्याचा मुद्दा राहिला. अर्धी रिकामी टाकी रात्री गार होताना बाहेरची दमट हवा आत घेते आणि पत्र्यावर दव धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं, आणि ओढनळीचं तोंडही तळाशीच. पाण्यात वंगण नाही, शिवाय गंज चढतो. पण त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जीव वाढतात. बुरशी आणि जिवाणू पाण्यात राहतात आणि खातात डिझेल. यातल्या एका बुरशीला तर केरोसीन बुरशी असंच टोपणनाव आहे. त्यांचा तपकिरी-काळा बुळबुळीत थर फिल्टरला चिकटतो. नवा फिल्टर टाकूनही तो आठवड्या-दोन आठवड्यांत चोंदत असेल, तर फिल्टरला बोल लावण्यात अर्थ नाही. टाकी उतरवून धुवावी. फिल्टरच्या बुडाशी असलेला पाणी सोडायचा स्क्रू नियमित उघडणं आणि रात्री टाकी भरलेली ठेवणं, हे त्यावरचे साधे उपाय.

डिझेलची जात बदलली तरी पंपाला कळतं. बीएस-६ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखांत दहा भागांवर आली. गंधक काढताना डिझेलचा मूळचा वंगणगुणही जातो, म्हणून तो रसायन मिसळून परत द्यावा लागतो. रॉकेलची भेसळ हाच गुण मारते. गाडी त्या दिवशी बंद पडत नाही, पण दोन-चार मायक्रॉनची फट हळूहळू रुंदावत जाते आणि बिल पुढच्या उन्हाळ्यात येतं.

या साऱ्या वाटेत एक सोयीची रचना आहे. टाकीचं झाकण स्वस्त. मग नळी, क्लिप, वॉशर, मग फिल्टर, मग फीड पंप. सर्वांत महाग हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर सर्वांत शेवटी. डिझेल ज्या दिशेने वाहतं त्याच दिशेने खर्च चढत जातो. म्हणून तपासही डिझेलच्या मागोमाग, टाकीकडून इंजिनाकडे करावा. तो बरोबर तर ठरतोच, शिवाय परवडतोही. उलट्या बाजूने सुरुवात करणारा नवा पंप बसवून देतो. गाडी चार दिवस बरी चालल्यासारखी वाटते आणि मग एअर घेणारी जुनी नळी नव्या पंपालाही उपाशी ठेवते. तेव्हा पुढच्या खेपेला गाडीने मान टाकली, तर गॅरेजला जाण्याआधी टाकी किती भरलेली होती, चढ होता की सपाटी, ऊन किती होतं आणि गाडी किती वेळ उभी होती, हे लक्षात ठेवावं. मिस्त्रीला याहून जास्त उपयोगी पडेल असं काही ड्रायव्हर देऊ शकत नाही.